रंगावर कसलेली तार

श्री. मधुकर पागे यांची आणि माझी ओळख इंदूरच्या एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात झाली. मी नवखा वायरमन होतो, ते वरिष्ठ होते. बंद पडलेली मोटर उघडायला मी बसलो, तेव्हा त्यांनी मला उठवले आणि तिच्याकडे येणारी तार कुठून निघते ते आधी पाहून यायला सांगितले.

गिरणी बंद झाल्यावर आमच्यापैकी बरेच जण ती पुन्हा सुरू होईल या आशेवर गेटपाशी जात राहिले. पागेजींनी देवास नाक्यावर ट्रकच्या वायरिंगचे वर्कशॉप काढले आणि मला भागीदार करून घेतले. गिरणीतल्या इतर वायरमननाही त्यांनी हे काम शिकवले. पुढे बाजार खुला झाला तशा नव्या गाड्या आल्या, इंजिनावर कम्प्यूटर आला. पन्नाशी ओलांडलेले पागेजी तो शिकायला बसले. ते सांगत, की कम्प्यूटरला इंजिन दिसत नाही; सेन्सरच्या तारेतून जे येते तेच तो खरे मानतो आणि त्यानुसार डिझेल सोडतो. म्हणून कम्प्यूटरचा डबा बदलण्याआधी तारा तपासाव्यात.

एका ट्रान्सपोर्टवाल्या सेठजींचा असा कम्प्यूटरवाला एक जुना ट्रक होता. सियागंज बाजारातला माल घेऊन निघाला की घाटात त्याचे इंजिन अचानक बंद पडे. कम्प्यूटर दर वेळी वेगळ्याच सेन्सरचा दोष दाखवी. सेन्सर बदलूनही फरक पडला नाही. शेवटी सेठजींनी ठरवले, की ड्रायव्हर बद्रीलालच मुद्दाम तारा ओढतो. त्यांनी त्याला कामावरून काढले. त्यानंतर कोणी त्याला गाडी देईना.

ट्रक आमच्याकडे आला. पागेजींनी इंजिन चालू ठेवून कम्प्यूटरची अर्थिंगची तार मीटरने तपासली. जिथे काटा जवळजवळ हलायला नको, तिथे तो हलत होता. तार जिथे चासीला जोडली होती तो बोल्ट त्यांनी उघडला. खाली रंगाचा थर होता. मागे एकदा वेल्डिंग करून चासी रंगवली होती आणि रंग न खरवडताच तार कसली गेली होती. चढावर हादरे बसले की जोड सुटे आणि कम्प्यूटर गोंधळे. त्या वेळी वायरिंग आमच्याच वर्कशॉपमध्ये झाले होते आणि ती तार पागेजींनी स्वतःच कसली होती.

रंग खरवडून गाडी परत दिली असती तर कोणाला काही कळले नसते. ते मला म्हणाले, "गलती आपली आहे भिया. पहिले बद्रीकडे जाऊ."

आम्ही बद्रीलालला घरून सोबत घेतले. सेठजींसमोर पागेजी एवढेच बोलले, "बद्री ने कुछ नहीं किया. वो तार मैंने कसी थी."

सेठजींनी बद्रीलालला परत गाडी दिली. आमच्याकडच्या आपल्या सगळ्या गाड्या मात्र काढून घेतल्या. वर्कशॉपला ते वर्ष जड गेले, पण पागेजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पुढे सेठजी आपणहून परत आले. का, ते त्यांनी सांगितले नाही, पागेजींनीही विचारले नाही.

आज पंचाहत्तरीतही पागेजी सकाळी वर्कशॉपमध्ये येतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. तारांचे रंग त्यांना असेच स्पष्ट दिसत राहोत आणि आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे आपले काम तपासायला त्यांच्यापुढे ठेवता येवो.