फिरत्या दवाखान्याचा अर्थिंगचा बोल्ट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि ती तर माझा चेहरा बघून सगळं ओळखायची. तुम्हाला सांगतो आहे. का, ते विचारू नका — मलाही नीट माहीत नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. कुरखेड्याला एका संस्थेच्या दवाखान्यात मी ड्रायव्हर होतो. संस्थेने एक जुनी मेटॅडोर घेतली आणि तिचा फिरता दवाखाना करायचं ठरलं. आतली बाकं मी काढली. झोपायच्या दोन फळ्या, औषधांचं कपाट, स्टोव्हची जागा — सगळं माझ्या हातचं. चार महिने मी त्या गाडीत घातले. गाडी माझी आहे असंच मला वाटायचं.

मग सुखदेव आला. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. रविवारी मोटारसायकलवर यायचा, हौसेने, एक पैसा न घेता. त्याने गाडीत दुसरी बॅटरी बसवली, तिच्यावर लसींचा छोटा फ्रिज. चालत्या गाडीत ती इंजिनावर चार्ज व्हायची; गावात मुक्काम पडला की शाळेतल्या प्लगवरून बॅटरी चार्ज व्हावी म्हणून चार्जर जोडला. वायरिंगचा नकाशा स्वच्छ अक्षरात काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई तो नकाशा येईल त्याला दाखवायच्या. माझं कपाट उघडून त्याचा नकाशा दाखवायच्या — कळतंय ना?

काहीही विचारलं की बाई म्हणायच्या, "सुखदेवला येऊ द्या, धनराजभाऊ." संस्था दुसरी गाडी घेणार होती, आणि दोन्ही गाड्या त्याच्या हाती द्यायच्या असं चाललं होतं. म्हणजे मी त्याच्या हाताखाली. आणि तो? तो मला भाऊ म्हणायचा, माझ्या घरी जेवायचा. वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

पावसाळ्यानंतर मी गाडीला आतून रंग दिला. चार्जरची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती, ती तेव्हा सोडली आणि रंग वाळल्यावर तशीच परत लावली. बोल्टखालचा रंग खरवडला नाही. घाई होती. त्या आठवड्यात चार्जरचा काटा हलेना, म्हणजे बॅटरी चार्ज होईना. मी टेस्ट लॅम्प लावून पाहिलं आणि पाच मिनिटांत सापडलं — मधे रंग, करंट जाणार कुठून? पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरला असता.

पण बाई म्हणाल्या, "सुखदेवच्या वायरिंगमध्ये काहीतरी चुकलेलं दिसतंय." आणि मी गप्प बसलो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ. तो यायच्या आधी मी तो बोल्ट करकचून आवळायचो. रंग चिरडला जायचा, काटा वर चढायचा. तो एकेक वायर तपासायचा, सगळं ठीक निघायचं. तो गेला की मी बोल्ट ढिला करायचो. असे तीन रविवार. तिसऱ्या वेळी तो गाडीच्या पायरीवर बसून म्हणाला, "भाऊ, मले काऊन सापडून नाई राह्यलं? माह्यं डोकंच चालून नाई राह्यलं." मी त्याला चहा दिला.

पुढच्या रविवारी जंगलातल्या एका गावात गोवराच्या लसीचा कॅम्प होता. सुखदेव मुद्दाम सोबत आला. आदल्या दिवसापासून गाडी तिथेच, शाळेच्या प्लगवर. बोल्ट आवळायला मला वेळ मिळाला होता. आवळला नाही. सकाळी बाईंनी फ्रिज उघडला. आत हात घातला आणि तसाच ठेवला — बॅटरी रात्रीत उतरली होती, लसी गरम. मग एकेक बाटली काढून बादलीत टाकली.

समोर बाया बसल्या होत्या, दूरच्या पाड्यांवरून लेकरं कडेवर घेऊन चालत आलेल्या. एकीने विचारलं, "बाई, सुई नाई का आज?" बाईंच्या आधी सुखदेव पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "माह्या हातून चूक झाली, बाई. औषध खराब झालं." त्या बाया उठल्या, लेकरं उचलली आणि आल्या वाटेने निघाल्या. मी चाकाशी उभा राहून बघत होतो. तेव्हा तोंड उघडता आलं असतं की नाही?

त्यानंतर सुखदेव आला नाही. मी रंग खरवडला, बोल्ट नीट बसवला. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दोन्ही गाड्या माझ्याकडे आल्या. त्या उन्हाळ्यात त्या भागात गोवर आला. कुणाच्या घरात काय झालं हे विचारायला मी गेलो नाही. गाडी तिकडे न्यायची वेळ आली की मी रजा टाकायचो.

दोनेक वर्षांनी चंद्रपूरच्या बसस्टँडवर सुखदेव भेटला. बाहेरची वायरिंगची कामं आता घेत नाही म्हणाला, भरवसा वाटत नाही. मग विचारलं, "भाऊ, शेवटी काय निघालं होतं त्या गाडीत?"

मी म्हटलं, "तुह्या चार्जरची वायर आतून तुटली होती."

"म्हंजे माह्यीच चूक होती," तो म्हणाला.

मी "हो" म्हटलं.