भुरीचं पथ्य

माह्या जाऊबाईचं, पार्बताबाईचं, नाव काढलं की अंजनगावच्या बाजारात लोक आजही हसतात. "मांजराचं पोट साफ करणारी माळीण" म्हणतात तिले. हसा बाप्पा, तोंड तुमचं आहे. पण त्या मांजराच्या पोटापायी बाई मरता मरता वाचली, अन् ते मी या डोळ्यांनी पाह्यलं आहे. मले हसू नाही येत, संताप येते.

आमचं घर माळ्याचं. शहानूर नदीच्या काठी मळा, त्यात वांगे, मिरच्या, पालक, अन् पाऊस सरला की लाल लाल कोहळे, तुमी भोपळे म्हणता ते. जाऊबाई डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात बसे. हाडानं मोठी, रंगानं काळी, तोंडानं फटकळ. कोणी भाव पाडला की म्हणे, "ने फुकट. अन् बायकोले सांग, पार्बतानं भीक घातली." बाजारात कोणाच्या बापाले भेत नव्हती. घराचा उंबरठा ओलांडला की मात्र तोंड शिवल्यासारखी चूप. कारण घरात खुशालराव होते.

खुशालराव म्हणजे तिचे मालक, माहे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आदर म्हणून 'ते' म्हणते, मनातून नाही म्हणत. आमच्यात भासऱ्यापुढं धाकट्या सुनेनं पदर कपाळाखाली ओढून राहाचं, बोलाचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्याचा नाही, अन् अंगाले हात लागणं तर महापाप. म्हणून त्या घरात मी जे पाह्यलं ते सारं दाराच्या फटीतून पाह्यलं. माहा नवरा? तो भावापुढं शेळी.

भासऱ्यानं तरुणपणी पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला होता. माणूस वाचला, पण एक डोळा गेला. इंग्रजाचं राज्य, भासरे अकोल्याच्या जेलात गेले. सुटून लहान गाडीनं अंजनगावच्या ठेसनावर उतरले तवा केस पांढरे झाले होते. घरी आले, तुळशीजवळ उभे राह्यले, हातात पाणी घेतलं अन् सांगितलं, "आजपासून या अंगणात रगत सांडणार नाही. कोंबडं नाही, बकरं नाही, मासोळी नाही. उंदीरसुद्धा नाही." आमी बाया रडलो. वाटलं, माणूस सुधरला.

सुधरला कायचा! दुसऱ्याच दिवशी वरणात मीठ कमी पडलं, तर जाऊबाईच्या पाठीत पितळी तांब्या हाणला. रगत नाही निंघालं, सूज आली फक्त. म्हणजे नेम शाबूत!

जेलातून आलेल्या माणसाजवळ गावचं कोणी बसत नव्हतं. एक मांजराचं पिल्लू बसलं. मळ्यातून आलं, सरळ मांडीवर चढलं अन् झोपी गेलं. तीच भुरी. तिथंच त्या माणसाचा जीव अडकला. पण ऐका आता त्याची अक्कल! मांजर पाळाचं, अन् उंदराले शिवू द्याचं नाही. नेम आहे ना! म्हणून भुरीच्या गळ्यात दोर, दोर खाटेच्या पायाले. सकाळी गूळ घातलेलं दूध, दुपारी तूप-भाकर कुस्करून, सणाले गूळ घालून तळलेले कोहळ्याचे बोंडं. भासरे आपल्या हातानं भरवत. मांजर फुगत गेलं. बसली की उशी ठेवल्यासारखी दिसे.

मंग तिची तहान वाढली. वाटीच्या वाटी पाणी पिये तरी भागे ना. जिथं मुते तिथं मुंग्यांची रांग लागे. अन् त्यामागून तिचं पोट बंद झालं. राखेच्या टोपल्यात जाऊन बसे, पाठ वाकवे, कण्हे, रडे. पडला तर एखादा खडा, हरभऱ्यासारखा टणक, कोरडा. मंग तोबी बंद झाला. भासऱ्यानं तिचा जबडा फाकून एरंडेल ओतलं. तिच्या तोंडाले फेस आला, अन् त्या दिवसापासून ती त्याच्या हातचं काही खाये ना. हात दिसला की खाटेखाली जाये.

गावचे देवीदास वैद्य आले. भला माणूस. त्यानं पोट दाबून पाह्यलं, मुंग्या पाह्यल्या, अन् म्हणाला, "खुशालराव, हिले मधुमेह आहे, माणसाले होते तसाच. अंगातलं पाणी सारं मुतावाटे जाते, मंग आतड्यात काय राहीन? मळ कोरडा पडते. गूळ बंद, दूध बंद, भाकर बंद. मांजराले मांजराचं खाणं द्या. मासोळी उकडून, रश्शासकट, ओलं ओलं. त्यात चमचाभर उकडलेलं कोहळं, बिनागुळाचं. एरंडेल पुन्हा दाखवू नका. अन् दोर सोडा, हिंडू द्या तिले."

बस्स! भासऱ्याचा हात वैद्याच्या थोबाडावर. दात अंगणात पडला.

"माह्या अंगणात मासोळीचं नाव घेतं?"

वैद्य तोंड दाबून पळाला, पगडी तिथंच राह्यली. मातीत रगत पडलं होतं. जाऊबाईनं शेण कालवलं अन् ती जागा सारवून टाकली. ते काम तिच्या हातात बसलेलं होतं.

मंग भासरे तिच्याकडे वळले. "भुरी मेली तर तुले जिती ठेवत नाही, पारू. तुह्याच हातची नजर लागली तिले."

नुसतं बोलणं असतं तर आमी सोडून दिलं असतं. पण ते कुदळ घेऊन मळ्यात गेले अन् कोपऱ्यात खड्डा खांदला. मी पाणी भराच्या निमित्तानं जाऊन पाह्यला. मांजराच्या मापाचा नव्हता तो खड्डा.

मी म्हटलं, "जाऊबाई, तेल्हाऱ्याले माहेरी निंघून जा."

"अन् भाऊ पुन्हा आणून सोडीन. त्यापेक्षा मी मांजर जगवते." तिनं डोळे पुसले. "मले मराचं नाही, दुर्गे. अन् त्या मुक्या जीवाचं काय चुकलं? तिलेबी दोर, मलेबी दोर."

वैद्यानं सांगितलेलं तिनं शब्दान् शब्द ध्यानात ठेवलं होतं. भासरे सकाळी मोट हाकाले गेले की नदीवरची माणिकबाई भोईण यायची. टोपल्यात वर पालक, खाली केळीच्या पानात बारीक मासोळ्या. भुरी गूळ खाते हे ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभीच राह्यली. "गूळ? अवो, मांजर आहे का जावई?" त्या घरात कितीक महिन्यांनी आमी तिघी हसलो, तेबी तोंडात पदर कोंबून.

जाऊबाई मासोळी उकडे, एकेक काटा काढे, बोटानं कुस्करे. कोहळ्याची फोड सालीसकट शिजवून घोटे, चमचाभरच टाके. वरून रस्सा. सुरवातीले भुरीनं नुसता रस्सा चाटला, अन् पुन्हा पडून राह्यली. पोट नगाऱ्यासारखं. जाऊबाई ऊन पाण्याचं फडकं घेऊन ते पोट चोळे, अन् चोळता चोळता खिडकीतून त्या कोपऱ्याकडे पाहे. भासरे संध्याकाळी येऊन आधी मांजर पाहत, मंग बायकोकडे पाहत.

अन् एका सकाळी भुरी राखेच्या टोपल्यात बसली, कण्हली, अन् झालं! मोकळं झालं पोट! जाऊबाईनं ते टोपलं मले आणून दाखवलं, बाळंतिणीनं लेकरू दाखवावं तसं. मांजराची घाण पाहून आमी दोघी गळ्यात गळा घालून रडलो. सांगा आता, हसाचं का रडाचं?

मंग भुरी सावरत गेली. दुपारी जाऊबाई दोर सोडे, ती मळ्यात वांग्यांच्या ओळीतून धावे. तिची तहान उतरली. मुंग्या येणं बंद झालं. गूळ-दूध वासरू पिऊन जाये. भासरे मिशीवर हात फिरवत म्हणत, "पाह्यलं? हे नेमाचं फळ आहे." मी मनात म्हटलं, घे बाप्पा, तुह्या नेमाचं फळ.

ते फार दिवस चाललं नाही. मोटेचा दोर, सोंदूर, तुटला अन् भासरे भर सकाळी घरी परत आले. अंगणात जाऊबाई बसलेली, पुढ्यात परात, परातीत मासोळीचे डोके, अन् बाजूले भुरी मिटक्या मारत बसलेली.

त्यानं बंडीच्या बाजूचा दांडा, उभारी, उपसली अन् तिच्या डोक्यात घातली. लाकूड हाडावर वाजलं, तो आवाज अजून माह्या कानात आहे. ती आडवी पडली. दुसरी पाठीत, तिसरी खांद्यावर. मंग केस मुठीत धरून तिले मळ्याकडे ओढत नेऊ लागला. त्या कोपऱ्याकडे.

मी दाराआड होती. काय झालं मले माहीत नाही. पदर पडला, मी उघड्या डोक्यानं अंगणात आली अन् भासऱ्याच्या मनगटाले चावली. महापाप म्हणता ना? कडकडून चावली! दात हाडाले लागला, तोंडात खारट चव आली, तरी सोडलं नाही. तो ओरडला, मले लाथ घातली, पण मूठ सुटली. उभारी खाली पडली.

जाऊबाई उठली. कशी उठली देव जाणे. कपाळावरून रगताची धार डोळ्यात, गालावर, लुगड्यावर. तिनं हात त्या रगतानं माखला अन् त्याच्या तोंडापुढं धरला.

"पाह्य! काय आहे हे? कोहळ्याचं पाणी आहे का?"

तो मागं सरला.

"उंदराचं रगत चालत नाही तुले, मासोळीचं चालत नाही. अन् माहं? लग्न झालं तवापासून या अंगणात सांडून राह्यलं, ते तुले दिसलं नाही काहून रे?"

साऱ्या संसारात तिनं नवऱ्याले पहिल्यांदा 'तू' म्हटलं. त्यानं भुरीकडे हात केला, "ये भुरी, ये." भुरी तुळशीमागं अंगाचा काटा करून उभी होती. ती त्याच्यावर फिस्कारली. तसा तो माणूस मटकन खाली बसला.

जाऊबाईनं मांजर काखेत मारलं अन् मळ्यातल्या झोपडीत राहाले गेली. कुंपणाले बाभळीचे काटे लावले, कमरेले विळा लावला. "आत पाय टाकला तर तोडीन," एवढंच सांगितलं, अन् ते साऱ्या गावानं ऐकलं. त्या खड्ड्यात तिनं शेणखत भरून कोहळ्याच्या बिया टोचल्या. पुढं भुरीले त्याच वेलाचं कोहळं उकडून मिळालं, मरेपर्यंत, अन् ती म्हातारी होऊन मेली.

भासरे घरी एकटे पडले. मी त्यांच्यासाठी चूल पेटवणार नाही म्हणून सांगितलं, नवऱ्यादेखत. काही महिने गेले. एक दिवस मी झोपडीसमोर मिरच्या वेचून राह्यली होती, तर भासरे कुंपणापाशी येऊन उभे. हातात केळीचं पान.

"भुरीसाठी आणली," म्हणाले. "माणिकबाईजवळून शिकलो. मीच साफ केली."

जाऊबाई विळ्यावर हात ठेवून उठली. "ठेव तिथं."

त्यानं पान काट्यांजवळ ठेवलं. भुरी आली, हुंगलं, खाऊ लागली. तो आपले हात पाहत राह्यला. बोटाले खवले, मनगटापर्यंत रगत, माह्या दातांच्या वणावरबी.

"पारू," तो म्हणाला, "हे निंघत नाही वं."

जाऊबाईनं कुंपणावरून पाण्याचा गडू त्याच्याकडे सरकवला.

"घास," ती म्हणाली. "मी रोज सारवत होती."