चुकायला आडोसा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात पापडीच्या शेंगा निवडत होतो. शेजारच्या बेननी एवढंच सांगितलं, की दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही... अर्धवट भरलेली पिशवी घेऊन मी तसाच वाडी भागात तिच्या घरी गेलो. त्याला आता महिना झाला. वाईट वाटतं, फार वाटतं; पण कुमुदमावशीची आठवण आली की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

तिने आयुष्यभर प्रौढांच्या वर्गात मोठमोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवलं. खूप वर्षांपूर्वी मी निजामपुऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसात ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनवायचो. बडोद्यात इंटरनेट नवं होतं आणि आमची अक्कलही. एका कारखान्याच्या गोदामातल्या नोंदी कॉम्प्युटरवर जाणार होत्या, म्हणून तिथल्या लोकांसाठी मी कोर्स केला. उत्तर चुकलं की पडद्यावर लाल फुली आणि खणखणीत भोंगा! पोरांना मजा येते तशी यांनाही येईल, असं मला वाटलं. चार दिवसांत निम्म्या लोकांनी माऊसला हात लावणं सोडलं. गोदाम सांभाळणारे हसमुखभाई तर खिळा न् खिळा कुठे आहे ते डोळे मिटून सांगणारे. पण महिनाअखेरीची परीक्षा पास झाले नाहीत, तर त्यांना तिथून काढून गेटवर बसवणार होते. ‘मने नहीं फावे’, मला नाही जमायचं, म्हणून ते सरळ उठून गेले. मी मावशीकडे येऊन तावातावाने म्हणालो, की या वयात लोकांना शिकायचंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ऑफिसात हजर. म्हणाली, मला शिकव. पहिलंच उत्तर चुकलं, भोंगा वाजला, सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशीने हात जो मांडीवर घेतला तो परत माऊसवर ठेवलाच नाही. कानापर्यंत लाल झाली होती.

“अरे गाढवा,” ती हळूच म्हणाली, “मोठ्या माणसाला चुकायला आडोसा लागतो. हाताखालच्या लोकांदेखत त्याचा भोंगा वाजवतोस?”

भोंगा गेला. लाल फुलीही गेली. तिथे ‘पुन्हा बघू या’ आलं. उदाहरणं मावशीने त्यांच्याच गोदामातली घ्यायला लावली. मग ती स्वतः कारखान्यात आली, हसमुखभाईंना समजावून कॉम्प्युटरच्या खोलीत एकटं बसवलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून स्वेटर विणत बसली. कोणी आलं की सांगायची, आत झाडलोट चाललीय. सलग आठ दिवस झाडलोट! आत काय झालं, ते हसमुखभाई बाहेर येऊन फक्त तिलाच सांगायचे. हसमुखभाई पास झाले आणि निवृत्त होईपर्यंत गोदामातच राहिले. मी मात्र तेव्हापासून लोक कोर्स करत असले, की त्यांच्याकडे पाठ करून बसतो. ऑफिसात हसतात. हसू देत.

परवा हसमुखभाई भेटायला आले. मावशीच्या बैठकीच्या खोलीत बसले. वाडीतल्या मराठी वस्तीतच वाढलेले, त्यामुळे मराठी छान बोलतात. चहा आला तेव्हा त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, आठ दिवसांत ते किती वेळा नापास झाले, हे कुमुदबेनने मला कधी सांगितलं होतं का?

मी म्हणालो, “नाही. मी खोदून खोदून विचारलं, तरी नाही.”

त्यांचे डोळे भरून आले, आणि तोंडभर हसूही.

“मग मी पण नाही सांगणार,” ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.