स्कॉटलंडच्या मामासाठी घोडा

पासिर रिसहून गाडी सुटली की मला झोप लागायची. ही झोप बून लेला उतरायची, कारण तिथं रूळच संपायचे आणि गाडी मला बाहेर काढायची. मग तुआसची बस, आणि बसमध्ये उरलेली झोप. सिंगापूर बेट मी या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज दोनदा ओलांडत होतो, पण मधल्या बेटाबद्दल विचाराल तर मला काही सांगता येणार नाही. बायको म्हणायची, "तुम्ही परदेशात राहत नाही, तुम्ही परदेशातून झोपून जाता."

इराकची लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या या झोपेत घोडे यायला लागले. तांबूस, भरदार, पायांवर दाट केस असलेले. बेडोकच्या आसपास ते गाडीच्या बरोबरीनं चालायला लागायचे आणि जुरोंगच्या पुढं कुठंतरी धुक्यात मिसळून जायचे. सिंगापुरात धुकं नसतं, हे मला जागेपणी ठाऊक होतं.

घोडे स्कॉटलंडचे होते. माझ्या डोक्यात ते सोडले आमच्या जहाजबांधणी यार्डातल्या एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरनं. म्हातारा म्हणजे अठ्ठावन्नचा. अंगानं सडपातळ, बुटका, भुवया मात्र दोन माणसांच्या. आम्ही जहाजांच्या टाक्या जोडायचो आणि हा टॉर्च घेऊन आत शिरून आमच्या वेल्डिंगमध्ये खोट काढायचा. जेवायला मात्र माझ्या शेजारी बसायचा, कारण माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला आवडायची. चटणीच्या बदल्यात तो मला त्याच्या पलटणीची गोष्ट सांगायचा, रोज थोडी थोडी, घड्या घालून ठेवलेलं पातळ उलगडावं तशी.

ती पलटण सुट्टीच्या दिवशीची. म्हणजे माणसं आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगात, आणि फावल्या वेळात शिपाई. सुरुवातीला ते घोडदळ होतं. शेतकरी, दूधवाले, लोहार आपापल्या घोड्यांवर बसून कवायतीला यायचे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं त्यांचे घोडे काढून घेतले आणि हातात तोफा दिल्या. काही जण घोड्यांच्या मानेला मिठी मारून रडले म्हणे. मग बोटीनं आधी आपल्या हिंदुस्तानात, तिथून मलायात, आणि माघार घेत घेत या बेटावर. इथं सगळी फौजच शरण गेली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता घोडे नाहीत, तोफाही नाहीत. रेडिओ आणि ट्रक. मंगळवारी संध्याकाळी पोस्टमन, प्लंबर, शाळामास्तर हॉलमध्ये जमतात, चहा पितात, बूट चमकवतात. कुठं पूर आला तर वाळूची पोती टाकतात. आणि कायमच्या फौजेला माणसं कमी पडली की आमच्यातले दोन, चार असे उसने नेतात. जुनी पलटण आक्रसत आक्रसत एवढीशी तुकडी झाली, पण टोपीवरचा बिल्ला आम्ही सोडला नाही."

त्यानं स्वतः वीस वर्षं अशी शिपाईगिरी केली होती. मलाही मागं राहवेना. मी ठोकून दिलं, "माझे आजोबा सुभेदार होते. ब्रह्मदेशात लढले." खरं तर माझे आजोबा देवळालीच्या कॅम्पात, विलायतेहून आलेल्या पलटणींना कांबळी देणाऱ्या गोदामावर होते आणि नाशिक जिल्ह्याबाहेर त्यांनी लढाई केली असेल तर ती ढेकणांशी. पण चटणीच्या तोंडी खोटं चांगलं लागतं.

मग एके दिवशी त्यानं गोष्टीची शेवटची घडी उलगडली. त्याचा सख्खा मामा त्या पलटणीत होता. एकवीस वर्षांचा, बेकरीत कामाला. तो इथंच गेला. प्रेत मिळालं नाही. क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर फक्त नाव आहे. मामाची धाकटी बहीण, म्हणजे याची आई, ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टर फारसं काही वचन देत नव्हते. तिचं एकच मागणं होतं: जा, माझ्या भावाच्या नावाला हात लावून ये.

"मग गेलास ना?"

"तीन वर्षं झाली इथं येऊन. दर रविवारी ती फोनवर विचारते, गेलास का? मी म्हणतो, पाऊस होता."

सिंगापुरात हे सहज खपतं.

"अरे पण का?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "मी इकडची नोकरी धरली, पलटणीतून नाव काढलं. पुढच्या वर्षी माझ्या तुकडीतले पाच जण इराकला नेले. सगळे परत आले. त्यातला एक बस चालवायचा, तो आता बस चालवत नाही. एवढंच. मामा सुट्टीचा शिपाई, मीही सुट्टीचा शिपाई. तो आला आणि इथं राहिला. मी पगार वाढवून आलो. त्याच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू?"

त्या दिवशी गाडीत मला झोप आली नाही. पेपरात छापून यावी अशी ही घटना होती.

आमच्या घरची एक रीत आहे. लहानपणी आजोबा आम्हाला दर एक जानेवारीला भीमेकाठच्या विजयस्तंभाला न्यायचे. तिथं आमच्या पूर्वजांची, शिपायांची नावं कोरलेली आहेत. मेणबत्ती लावून झाली की आजोबा म्हणायचे, "नुसतं बघू नका रे. बोट ठेवा आणि मोठ्यानं वाचा. नाव घेतलं की माणूस घटकाभर उभा राहतो." आम्ही पोरं गर्दीतून हात लांब करून नावं वाचायचो आणि मी चोरून मागं बघायचो, कुणी उभं राहिलंय का.

तेव्हा म्हटलं, याला जमत नसेल तर आपण जाऊन येऊ. जागा बघून ठेवू, म्हणजे याला सोपं जाईल. लिटिल इंडियातून मोगरा-झेंडूचा हार घेतला, पाच मेणबत्त्या घेतल्या आणि रविवारी बायको-मुलीला घेऊन क्रांजी गाठलं.

हिरवी टेकडी, तिच्यावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, इतक्या सरळ की चालताना त्याच आपल्याकडं वळतात असं वाटावं. वर छपराखाली भिंतीच भिंती, आणि भिंतींवर नावंच नावं. तेरा वर्षांची लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पपा, सो मेनी नेम्स लाह. हाऊ टू फाइंड?"

"घोडदळ शोध," मी सेनापतीसारखा म्हणालो.

दोन तास शोधलं. मामाचं नाव नव्हतं. हार कोमेजायला लागला. शेवटी बायकोनं तो सगळ्यांच्याच पायाशी ठेवला, आम्ही तिघांनी हात जोडले आणि मेणबत्त्या परत आणल्या, कारण वारा होता.

सोमवारी जेवताना मी जड आवाजात सांगितलं, "काल क्रांजीला जाऊन आलो. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या मामाचं नाव तिथं नाहीये."

त्याचा चमचा चटणीतच राहिला. भुवया खाली आल्या. "नाही म्हणजे? आई साठ वर्षं..." मग थांबून म्हणाला, "कुठं शोधलंस?"

"घोडदळात."

तो माझ्याकडं बघत राहिला. आणि एकदम हसत सुटला, इतका की शेजारच्या टेबलावरचे तमिळ फिटर वळून बघायला लागले. "अरे बाबा, घोडे काढून घेतले म्हणून तीन महिने सांगतोय ना तुला? ते मेले तेव्हा तोफखान्यात होते! नाव तोफखान्यात असणार. आणि दारातच नावांची वही असते, ती नाही बघितलीस?"

वही मी बघितली होती. ती पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची असेल असं समजून 'जागा अतिशय स्वच्छ' असं लिहायला पेन शोधत होतो, तेवढ्यात लेकीनं ओढून नेलं म्हणून स्मारकाची वही बचावली.

हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "हार नेला होतास? त्याच्यासाठी?"

"हो. पण तो सगळ्यांना वाहिला."

त्यानं चटणी संपवली. उठताना म्हणाला, "शनिवारी दुपारी मोकळा आहेस? एकट्यानं जमायचं नाही."

शनिवारी चार वाजता आम्ही चौघं टेकडी चढलो. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, टोपीवरचा जुना बिल्ला खिशात होता. या खेपेला वही नीट बघितली, भिंत मिळाली, आणि लेकीनं क्षणात नाव शोधलं. "देअर! टॉप वन!"

नाव होतं खूप वर. त्यानं टाचा उंचावल्या, हात ताणला. चांगलं वीतभर कमी पडलं. त्यानं पुन्हा ताणला. मग हात खाली घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि मला दिसलं की हा आता परत फिरणार.

"थांब," मी म्हणालो, आणि भिंतीला खेटून गुडघे-हात टेकून वाकलो. "चढ."

"अहो, काय करताय!" बायको म्हणाली. "कंबरेचा पट्टा तरी लावलाय का?"

"मुलीला लहानपणी किती वेळा फिरवलंय पाठीवर. याचं वजन तिच्याएवढंच आहे."

"तिचं तेव्हाचं की आत्ताचं?"

तो घुटमळला. "सुभेदाराच्या नातवाच्या पाठीवर पाय देऊ?"

आता खोटं आणि माणूस, दोन्ही पाठीवर पेलणं शक्य नव्हतं. मी जमिनीकडं बघत सांगून टाकलं, "सुभेदार नव्हते रे. देवळालीला कांबळी वाटायचे. चढ तू."

मग बूट काढल्याचा आवाज आला, आणि दोन मोज्यांतले पाय माझ्या पाठीवर आले. लेकीनं त्याला आईचा फोन लावून दिला. तिकडं सकाळचे नऊ वाजले असतील.

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग, पण मी तो बघितलाच नाही. मला दिसत होती फरशी, तिच्यावरून लगबगीनं चाललेली एक मुंगी, आणि बायकोची चप्पल. बाकी सगळं ऐकलेलं.

"आई, मी आहे. क्रांजीत आहे. नाही, पाऊस नाही. ऊन आहे. हो, समोरच. माझं बोट त्याच्या नावावर आहे."

"मोठ्यानं वाचायला सांग त्याला," मी खालून कण्हलो. "तशी रीत आहे."

त्यानं वाचलं. हुद्दा, आडनावाआधीची अक्षरं, आडनाव. मग थांबून, भिंतीवर नव्हतं ते घरातलं लाडाचं नाव. ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. फोनमधून एक बारीक, कोरडा आवाज येत होता, वाळलेल्या पानासारखा.

"ती विचारतेय," तो वरून म्हणाला, कुणाला ते त्यालाच ठाऊक, "दगड गार आहे का?"

"मग सांगा की तिला," बायको म्हणाली.

त्यानं तळवा भिंतीवर पुरा टेकला असावा, कारण वजन थोडं पुढं सरकलं. कडेच्या त्या भिंतीवर दुपारभर उन्हं होती.

"गरम आहे, आई. चांगला गरम आहे."

मुंगी फरशीच्या फटीत गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ती म्हणते, मग बरं. त्याला थंडी सोसायची नाही."

मी तसाच वाकलेला होतो. कंबर गेली होती, ती पुढं पंधरा दिवस आली नाही. पण त्या क्षणी मला देवळालीचं गोदाम दिसत होतं. मलायाला निघालेल्या गोऱ्या पोरांची रांग, त्यात बेकरीतला एक, पहाटेच्या गारठ्यात हात चोळत. आणि माझे आजोबा, खालच्या थरातलं जाड कांबळं शोधून काढून त्याच्या हातात देताना.

"उतरू का?" त्यानं विचारलं.

"राहा अजून थोडा," मी म्हणालो.