सायकलीची आंघोळ

एमआयडीसीच्या रस्त्यावर, सगळे ज्यांना काका म्हणतात त्यांचं इलेक्ट्रिक सायकली दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ते गिऱ्हाइकाच्या आधी सायकलीलाच विचारतात, "काय दुखून राह्यलं, बाई?"

आठवीत शाळा सोडून मी गावाहून इतक्या लांब मिलमध्ये कामाला आलो. इथं आपलं म्हणावं अशी माझी एक सायकलच. परवा सकाळी मायेनं तिला नळाखाली धुतलं, तर ती बंदच पडली. उशीर झाला की मिलच्या गेटवरून परत पाठवतात. घाबरून ती तशीच निथळती ढकलत काकांकडं नेली.

"पाव्हणं, म्हैस हाय का ती?" म्हणत त्यांनी स्वतःची सायकल पुढं केली. "जल्दी निघा. फक्त हिला आंघोळ घालू नका."

संध्याकाळी परतलो, तर दुकानातला एकुलता एक पंखा माझ्या सायकलीला वारा घालत होता. शेजारी काका घामाघूम होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.

"हळू बोला," ते म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा."