तिसऱ्या शिट्टीच्या आत

फोन आला तेव्हा कुकर गॅसवर होता. पलीकडून हेमाचा भाऊ म्हणाला, "ताई, हेमा गेली गो," आणि फोन ठेवला. कुकर आपला शिट्ट्या देत राहिला, डाळ करपल्याचा वास घरभर झाला, तरी मी खुर्चीतून उठले नाही... आजारी होती, आता फार दिवस नाहीत हे कळत होतं. कळत होतं म्हणून काय झालं? मेलं ते कळणं अशा वेळी कसल्याच कामाला येत नाही.

हेमा पेणच्या खारेपाटातली. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध आणि आत भातशेती, अशा गावातली. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी रोह्याला शाळेत भूगोल शिकवू लागले, अधूनमधून पेपरात लिहू लागले, आणि ती विद्यापीठात शास्त्रज्ञ झाली. बांधांचे फोटो दाखवून दाखवून संगणकाला शिकवायचं, की पक्का बांध कुठला आणि फुटणारा कुठला, हे तिचं काम. लोक त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, ती नुसतं 'माझं मशीन' म्हणायची. तिच्या विद्यापीठात शास्त्रज्ञांची छोटी छोटी भाषणं होत. कुणी वटवाघळांच्या आवाजावर, कुणी ताऱ्यांवर, कुणी औषधांवर बोलायचं. प्रत्येकाला दहा मिनिटं, घंटा वाजली की खाली उतरायचं. हेमाला त्या घंटेची भारी धास्ती, कारण एकदा बोलायला लागली की ही बया थांबते कसली! म्हणून तालीम माझ्या स्वयंपाकघरात. मी डाळीचा कुकर लावायचा आणि तिसऱ्या शिट्टीच्या आत तिने आटपायचं. नाही आटपलं की मी ओरडायचे, "बाई, डाळ शिजली, तुझं घोंगडं अजून भिजतंच आहे!" ती म्हणायची, "गप गो मास्तरीण," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तिच्या सगळ्यात गाजलेल्या भाषणात तिच्या बाबांचा फोटो होता. गावच्या बांधावर उभे, लुंगी खोचलेली, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले आणि तोंडभर हसू. बांधावर मशीनने हिरवी रेघ ओढलेली. हिरवी म्हणजे पक्का. हेमा म्हणायची, "हा माझ्या बाबांचा बांध. मशीन सांगतंय, इथे काळजी नाही." टाळ्या पडायच्या. भाषण इंटरनेटवर गेलं आणि गावातल्या प्रत्येक फोनवर फिरलं. बाबा तर येईल त्याला धरून दाखवायचे, "आमच्या पोरीच्या मशीननी सांगितलाय, बांधाला काय व्हत नाय!" पावसाळ्याआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जातो, ही तिथली जुनी रीत. त्या वर्षी कुणी ती मनावर घेतली नाही.

आणि उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, बांध फुटला तो नेमका हिरव्या रेघेवर. जीव कुणाचा गेला नाही, पण खारं पाणी शेतात घुसलं ते घुसलंच. भाताच्या जागी आता खारफुटीची तिवरं उगवतायत.

त्यानंतर हेमा रोह्याला आली ती थेट स्वयंपाकघरात. लॅपटॉप उघडून तोच फोटो मोठा केला आणि म्हणाली, "बघ."

"काय बघू? बाबा हसतायत."

"हात बघ त्यांचे."

तिने गावाला आधी कळवलं होतं, अमुक दिवशी बांधाचे फोटो काढायला येते. झालं! पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण अंगण सारवतो की नाही? तसा सगळा गाव त्या सकाळी बांधावर उतरला. खेकड्यांची बिळं, भेगा, पाझर, सगळ्यावर वरवर ओला चिखल लिंपून टाकला. आपल्या लेकीचं मशीन येतंय, त्याला बांध कसा गोमटा दिसायला हवा. मग मशीनला भेगा दिसणार कुठून? "आणि तो चिखल मी गावभर मिरवला, शुभे. बाबांचं हसू तेवढं मला दिसलं..." असं म्हणून ती माझ्या ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली.

बाबांना ती हे सांगणार नव्हती. "म्हातारा हाय खाऊन मरेल. चूक माझी आहे, मी बांधावरून चालले नाही, विचारलं नाही." तिला ते नव्या भाषणात सांगायचं होतं, लिंपणाऱ्यांचं नाव न घेता, स्वतःवर घेऊन. कारण तेच मशीन आता दुसऱ्या गावांतही जाणार होतं. आजार तोवर अंगात भिनला होता. तालमीत धाप लागायची. दुसऱ्या शिट्टीलाच ती खाली बसायची, आणि मला ओरडायलाही जागा उरली नव्हती.

भाषण झालंच नाही. भाषणं ठरवणारे म्हणाले, यंदा यशाच्या गोष्टी घेतोय, तुमचं पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष! तिच्याकडे पुढचा महिना नव्हता. जुनं भाषण मात्र इंटरनेटवर आजही चालू आहे. त्यात हेमा हसून सांगतेच आहे, इथे काळजी नाही. ते काढा म्हणून मी पत्रं पाठवली, पण कुणाला काही पडलेली नाही.

तेराव्याला गेले तेव्हा बाबा ओटीवर एकटेच बसले होते. मला जवळ बोलावलं.

"गो पोरी, तुला सांगतो. बांध आम्हीच लिंपलेला. मीच सगल्यांना नेला व्हता. हेमाला नाय सांगितला... म्हटला, आजारी हाय, बापानीच फसवला असा वाटंल तिला."

मी गप्प राहायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. मी म्हणाले, "तिला माहीत होतं, बाबा."

"म्हाईत व्हता? आन् मला बोलली नाय?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

ते स्वतःच्या हातांकडे बघू लागले. मग म्हणाले, "तू पेपरात लिवतेस ना? ह्या लिव. दुसऱ्या कोनी लिंपू नये."

लिहिलं, बाबा. पण याने बांध उभा राहत नाही, आणि हेमा तर नाहीच नाही. हे लिहितानाही डाळ लावली होती. तिसरी शिट्टी झाली, मी गॅस बंद केला आणि सवयीने ओट्याकडे वळून म्हणाले, "बाई, आटप आता."

"गप गो मास्तरीण" म्हणायला कुणी नव्हतं.