पाण्याचं विरजण

सुनंदाकाकूंचं नाव आधी घेते, कारण त्या नसत्या तर माझे दोन्ही गोल्डफिश आज नसते. माझ्या खोलीखालीच काकूंचं माशांचं दुकान आहे.

नववीत शाळा सुटली आणि शिवणकामासाठी मी घरापासून इतक्या लांब, सुरतेला आले. खोलीत सोबत हवी म्हणून टाकी आणली. रोज सगळं पाणी बदलायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळायचे. पाणी अगदी नितळ, तरी चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मी रडतच खाली धावले.

"अगं, मासे पाळतेस की भांडी घासतेस?" काकू म्हणाल्या. "त्यांच्या घाणीचं विष होतं. ते पचवणारे बारीक जीव स्पंजात वाढतात, आणि तू त्यांनाच धुऊन टाकतेस! रोज थोडंच पाणी बदल, आणि नवं घालशील ते आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जातं." मग आपल्या जुन्या टाकीतला काळपट स्पंज कापून हातात दिला. "घे, हे विरजण समज."

आता मासे तळाच्या खड्यांत निवांत तोंड खुपसत फिरतात. बघताना वाटतं, नवी जागा नुसती स्वच्छ असून भागत नाही. तिथे आधी रुजलेल्या कुणीतरी आपल्यातलं थोडं काढून द्यावं लागतं. मलाही या शहरात धाप लागते, पण आता जरा कमी.

काकूंचा ब्लाउज काखेत काचतो, हे मी पाहिलंय. कारखान्यात मला अजून नुसत्या शर्टाच्या कॉलरी शिवायला देतात. पण अख्खा ब्लाउज बेतायला येईल त्या दिवशी पहिला काकूंचाच शिवीन.